टिबीचा शब्बाथ

शनिवारी दुपारी एफी डॅलग्लिश लोणी घुसळत बसली होती, तेव्हा कुरणाच्या टोकाहून टिबी खिंकाळली. एफीने दांडा तिथेच सोडला, हात पुसले आणि बाहेर आली. ही घोडी उगाच तोंड उघडणाऱ्यांतली नव्हती. सतरा वर्षांच्या आयुष्यात तिने नांगर ओढला, ओंडके ओढले, पुराच्या गाळात रुतलेली लोकरीची गाडी एकटीने बाहेर काढली, आणि या सगळ्यात कधी चकार शब्द काढला नाही. आता मात्र ती कुंपणावरून मान लांब करून पूर्वेकडे, गिलेस्पीच्या शेताकडे बघत होती. शेपूट एका बाजूला घेतलेलं होतं. एफीने जवळ जाऊन तिच्या अंगावरून हात फिरवला, मागे जाऊन नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं भवाने, मंगळवारी नवरा दारात आला तेव्हा लाथा झाडल्यास," ती म्हणाली. "आणि आता वऱ्हाड परत गेल्यावर तुला लग्नाची आठवण झाली होय?"

टिबीने कान हलवले. तिला मंगळवारचं काही देणंघेणं नव्हतं.

एफीचा बाप ह्यू डॅलग्लिश स्कॉटलंडहून जगाच्या या दक्षिण टोकाला आला तो मेग नावाची एक घोडी घेऊन. बोटीवर चढवलेल्या घोड्यांपैकी निम्मे वाटेतच समुद्रात टाकावे लागले. मेग जगली, कारण ह्यू सगळा प्रवास तिच्या पायाशी झोपला आणि स्वतःच्या वाटचं गोडं पाणी तिला पाजत आला. आमच्या खोऱ्यातली ओली, चिकट, बूट ओढून घेणारी माती पहिल्यांदा उलटवली ती मेगने, मग तिच्या लेकीने, मग नातीने. टिबी ही त्या रांगेतली शेवटची. तिला पाच शिंगरं झाली आणि पाचही नर. नर शिंगरू खच्ची होऊन शहरात जातं, ट्राम ओढतं, बिअरची पिंपं ओढतं, आणि तिथेच त्याची गोष्ट संपते. वंश चालतो तो घोडीच्या पोटी. टिबीला मादी शिंगरू झालं नाही, तर मेगचा वंश एफीच्या डोळ्यांदेखत बुडणार होता, आणि टिबीचं वय पाहता पुढच्या वसंताची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

एफीने या कामासाठी गिलेस्पीचा ड्यूक मनात धरला होता. काळाभोर, पुढचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा आणि पोटाखाली दुधाचा हात पुसल्यागत एक ठिपका. छाती अशी की दारातून आत येताना अंधार व्हावा. मुख्य म्हणजे ड्यूकला बहुतेक मुलीच होत, आणि त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवत नव्हतं, उलट लांबलांबून घोड्या येत. दर वसंतात डेव्ही लॉरी नावाचा मोतद्दार त्याला हाताने चालवत शेतोशेत फिरवी. मंगळवारी आमच्या वाटेवर, बुधवारी नदीपलीकडे, असं करत शुक्रवारी संध्याकाळी तो घरी परते. पण यंदाची ही शेवटची फेरी होती. नुसती या हंगामातली नव्हे, कायमची. समुद्रापलीकडे व्हिक्टोरिया प्रांतात कोणी मोठ्या जमीनदाराने ड्यूकला विकत घेतलं होतं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने तो बंदराला जायचा होता.

एफीने लोणी तसंच ठेवलं, टिबीला दावं लावलं आणि चालू लागली.

आमच्याकडे पैदाशीचा घोडा फाटकात आला की बायकांनी आत जायचं आणि पडदे ओढून घ्यायचे, अशी रीत. पुरुष बाहेर काय ते उरकतात, आणि अकरा महिन्यांनी शिंगरू दिसलं की बायका 'अगं बाई, किती गोड' म्हणतात, जणू ते आभाळातून पडलं. बाप गेल्यापासून एफी मात्र फाटकात उभी राही. बेचाळीस वर्षांची, अविवाहित, आणि घोडी स्वतः धरते, यावर गावाने बराच चहा संपवला होता. एफीला त्याचं काही वाटत नव्हतं. घोडी तिची होती, मग धरणार तीच.

गिलेस्पीच्या अंगणात चाचणीचं फाटक होतं, छातीएवढं उंच, जाड फळ्यांचं. एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला घोडा. तयार असेल तर ती शांत उभी राहते, नसेल तर फळ्यांवर लाथा बसतात. डेव्हीने ड्यूकला बाहेर काढलं. त्याचे पाय प्रवासासाठी धुऊन, केस विंचरून झाले होते.

"मिस एफी, नुकतं न्हाऊ घातलंय त्याला," डेव्ही कुरकुरला.

"मग काय, नवरदेवाला न्हाऊ घालतातच."

ड्यूकने फळ्यांवरून नाक पुढे केलं. टिबीने ते हुंगलं, डोळे बारीक केले, क्षणभर विचारात पडल्यासारखं केलं आणि मग किंचाळून दोन्ही मागचे पाय फाटकावर हाणले. एक फळी तडकली.

"अजून नाही," मागून आवाज आला. "उद्या होईल."

आर्चिबॉल्ड गिलेस्पी दारात उभा होता. साठीचा, लांब, वाळलेला माणूस. मंडळीतला वडील, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, देवळात स्तोत्राला सूर लावणारा, आणि देवळाची जमीनही त्याच्याच बापाने दिलेली. ह्यू डॅलग्लिशबरोबर तो एकाच बोटीने आला होता. मेगला पाणी पाजताना बादली धरून तोच उभा असे, असं एफीचा बाप सांगायचा. गिलेस्पी स्वतः काहीच सांगायचा नाही.

"उद्याच होईल, मिस्टर गिलेस्पी," एफी म्हणाली. "उद्या सकाळी घेऊन येते."

"उद्या रविवार, शब्बाथ. कामाला हात लावायचा नाही."

"ठाऊक आहे. पण सोमवारी पहाटे घोडा चालला. मधे दुसरा दिवस देवाने ठेवलेला नाही."

"तर मग देवाच्या मनात नसेल."

एफीने दावं दुसऱ्या हातात घेतलं. "तुम्ही शब्बाथला गाई पिळता की नाही?"

"पिळतो. ती गरज आहे. गाय तटतटून राहिली तर तिला यातना होतात. गरजेचं आणि दयेचं काम चालतं."

"मग हीसुद्धा गरजच आहे की."

"ही गरज नव्हे पोरी, हे सुख आहे."

"कोणाचं सुख? शुक्रवारपर्यंत फेरी मारून आलेला ड्यूक मी पाहिलाय. सुखात दिसत नाही बिचारा."

डेव्ही खोकला आणि बादलीकडे बघायला लागला. गिलेस्पीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मग रात्री बारानंतर," एफी म्हणाली. "बाराचे ठोके पडले की सोमवार. तेव्हा तर हरकत नाही?"

"घड्याळ हातात धरून अंगणात बाराची वाट बघणाऱ्या माणसाने सबंध संध्याकाळ मनातल्या मनात शब्बाथ मोडलेला असतो. माझ्या आवारात ते होणार नाही. घरी जा, एफी. तुझ्या बापाने असं विचारलंही नसतं."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. एफी वळली. वाटभर तिला राग येत होता, आणि रागाच्या खाली भीती होती. बाप वारला तेव्हा त्याने शेताबद्दल काही सांगितलं नाही, पैशाअडक्याबद्दल नाही, तिच्या लग्नाबद्दल तर नाहीच. "मेगची पोरगी राहू दे," एवढंच म्हणाला. आणि एफीला तो असा डोळ्यांपुढे दिसत होता, तिच्याकडे वळून विचारणारा की, काय गं, कुठे गेली?

संध्याकाळी ती कुंपणापाशी बराच वेळ उभी राहिली. गिलेस्पी खोटं बोलणारा नव्हता आणि नियम मोडणाराही नव्हता. स्वतः एफीही तशीच होती. शब्बाथला तिच्या चुलीवर शनिवारचंच अन्न गरम होई, बुटाला पॉलिश शनिवारीच लागे. शब्बाथला काय काय करता येत नाही, हे तिला पाठ होतं. म्हणून ती उलट्या बाजूने विचार करू लागली, की काय काय करता येतं. देवळात जाता येतं. देवळात जायला गाडी जुंपता येते. देवळापाशी पोचल्यावर जनावराला जुवाखालून सोडता येतं, नव्हे, सोडलंच पाहिजे, तीच दया.

आणि शब्बाथला ड्यूकला कोणी हाताने फिरवत नसे, कारण ते काम झालं. पण एवढा घोडा दिवसभर कोंडून ठेवला तर पाय सुजतात. म्हणून दर शब्बाथला गिलेस्पी त्याला देवळाच्या कुंपणाला लागून असलेल्या छोट्या कुरणात मोकळा सोडी. गेली कित्येक वर्षं उपदेश लांबला की एफी खिडकीतून त्याचेच कान बघत बसे.

सकाळी तिने टिबीला खरारा केला आणि मोठ्या मालवाहू गाडीला जुंपलं.

त्या गाडीत काळा पोशाख, काळी हॅट आणि मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन एफी एकटी बसली होती, आणि पुढे टनभर वजनाची घोडी देवळाच्या वाटेने डुलत चालली होती. वाटेत शेजारच्या शेतावरच्या पोलॉकबाईंची हलकी गाडी मागून आली.

"एफी, तुझं ते छोटं तट्टू कुठे गेलं? लंगडतंय की काय?"

"कुरणात आहे. गवत खातंय," एफी म्हणाली. शब्बाथला खोटं बोलायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

"मग ही कशाला?"

"तिलाही यावंसं वाटलं."

पोलॉकबाईंनी त्या मालवाहू गाडीकडे पाहिलं, टिबीच्या शेपटीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. त्यांच्या घरीही घोड्या होत्या.

देवळाच्या मागच्या कुरणात सगळ्यांचे घोडे सोडलेले होते. एफीने टिबीला गाडीतून मोकळं केलं, तिच्या गळ्यावर थोपटलं आणि सोडून दिलं. कुंपणाच्या कोपऱ्याकडे तिला नेलं नाही. कुंपणाला हात लावला नाही. फळ्या कशा आहेत ते वळून पाहिलंसुद्धा नाही. फक्त दाराशी पोचल्यावर ती चौकट धरून थांबली. आपण देवाला फसवायला निघालोय, असं तिला स्पष्ट वाटलं. तरी ती मागे फिरली नाही.

आमच्या देवळात वाद्य नव्हतं. शहरातल्या मंडळ्यांनी शिट्ट्यांची पेटी, म्हणजे ऑर्गन, आणून बसवली होती, पण आमच्याकडे तिचं नाव निघालं की म्हातारे उठून उभे राहत. पाळक रेव्हरंड निस्बेट स्तोत्र सांगत, गिलेस्पी पुढे उभा राहून सूर लावी आणि बाकीचे त्याच्या मागून ओढत जात. तो थांबला की स्तोत्र थांबे, तो गात राहिला की सगळ्यांना गाणं भाग होतं, आणि स्तोत्र चालू असताना जागेवरून हलणं म्हणजे प्रार्थनेच्या अर्ध्यातून पळून जाणं.

पहिला उपदेश निभावला. विषय विश्रांतीचा होता. मधेच टिबी एकदा खिंकाळली. पलीकडून ड्यूकने असं उत्तर दिलं की खिडकीची काच थरथरली. पोरं खुसखुसली, आयांनी कोपर मारले. रेव्हरंड निस्बेट थोडे मोठ्याने बोलू लागले. एफी समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होती. प्रार्थना काय करावी, ते तिला सुचत नव्हतं. 'होऊ दे' म्हणण्याची हिंमत होत नव्हती आणि 'नको' म्हणवत नव्हतं. शेवटी ती नुसतंच "मेग" म्हणाली, मनात, आणि देवाने काय ते समजून घ्यावं असं ठरवलं.

मग पाळकांनी स्तोत्र सांगितलं. कुठलं, किती कडवी, यातलं काही एफीच्या कानावर पडलं नाही. तिचे कान कुंपणाकडे होते. गिलेस्पी उभा राहिला, घसा साफ केला आणि सूर लावला.

दुसऱ्या कडव्यात पहिली फळी मोडली. आवाज असा की मागे कोणाच्या तरी हातून पुस्तक पडलं. डेव्ही लॉरी ताडकन उठला. गिलेस्पीने गाता गाता त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो मुकाट खाली बसला. दुसरी फळी गेली. मग टापांचा आवाज, मग एक किंकाळी, जिचा अर्थ देवळातल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळला आणि कोणाच्याच चेहऱ्यावर उमटला नाही. शेजारच्या पोलॉकबाई लाल होऊन छताकडे बघत गात होत्या. गिलेस्पी गात राहिला. त्याचा आवाज वाढलाही नाही, घाईतही आला नाही, एकेक शब्द पूर्ण ओढत तो पुढे चालला. स्तोत्र संपता संपेना. रेव्हरंड निस्बेट यांनी मधे एकदा पुस्तक मिटलं, गिलेस्पीकडे बघितलं, आणि पुन्हा उघडलं. एफीच्या मनात आलं, या माणसाचा नियम केवढा पक्का. दाराशी आग लागली असती, तरी हा शेवटचं कडवं गाऊनच बाहेर पडला असता.

उपासना संपून मंडळी बाहेर आली, तेव्हा कुंपणाला दोन गाड्या जातील एवढं भगदाड पडलं होतं. ड्यूक आणि टिबी शेजारी शेजारी गवत खात होते, वर्षानुवर्षांचा संसार असल्यासारखे. आयांनी पोरांची तोंडं दुसरीकडे फिरवली. पुरुष हॅटच्या काठाखालून बघत होते आणि कोणाचाही पाय निघत नव्हता.

गिलेस्पी सरळ एफीकडे आला.

"तुला ठाऊक होतं."

"हो," एफी म्हणाली. "मी कुंपणाला हात लावला नाही. पण ठाऊक होतं."

"मग ते तू आणि वडीलमंडळ बघून घ्या. माझं एक ऐकून ठेव. माझ्या घोड्याने शब्बाथला कुठलीही घोडी फळवलेली नाही. हिला जे होईल ते होवो, त्याला माझ्या घोड्याचं नाव लागणार नाही."

एफीला हे अपेक्षित नव्हतं. बापाचं नाव नसलेली घोडी म्हणजे शेतातली मजूर. तिच्या पिल्लांना कोणी विचारत नाही, प्रदर्शनात तिला उभं करत नाहीत, वंशावळीत तिच्यापुढे कोरी जागा राहते. तिने मान हलवली. टिबीला गाडीला जुंपून तिने पट्टे नीट आवळले.

सोमवारी पहाटे ड्यूक गेला. आठवड्याने एफीला वडीलमंडळापुढे बोलावणं आलं. पाच म्हातारे टेबलामागे बसले होते आणि गिलेस्पी त्यांच्यात एका टोकाला होता.

"शब्बाथ मोडल्याबद्दल क्षमा मागतेस?" पाळकांनी विचारलं.

"मागते."

"घोडीला त्या हेतूने आणल्याबद्दल?"

"त्याबद्दल नाही मागता येणार. उद्या तशीच वेळ आली तर मी पुन्हा आणीन, मग आज क्षमा मागून काय उपयोग?"

निकाल झाला: वर्षभर प्रभुभोजन बंद, म्हणजे मंडळीबरोबर प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा नाही. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी वडील घरोघरी जाऊन शिशाचा एकेक बिल्ला देतो, तो असेल त्यालाच मेजापाशी बसता येतं. त्या वर्षी हिवाळ्यात गिलेस्पी एफीच्या फाटकावरून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी एफी देवळात गेली आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसली. सगळे उठून मेजाकडे गेले, भाकर आणि पेला हातोहात फिरला, गिलेस्पीनेही घेतला. एफी एकटी मागे होती. तिला रडू आलं आणि तिने ते कोणाला दिसू दिलं नाही. घरी येऊन तिने टिबीच्या वाढत्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी हललं.

नोव्हेंबरात, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या वसंतात, सकाळी दूध काढून एफी परतली तर टिबी पागेत आडवी होती आणि शिंगराचे पाय बाहेर आले होते. वय झालेली घोडी, दमायला लागली होती. एफीने गुडघे टेकले, हात घातले आणि टिबीच्या कळेबरोबर ओढत राहिली. दोघींचा श्वास एकमेकींत मिसळला होता. शिंगरू बाहेर आलं, ओलं, काळंभोर, पुढचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. एफीने त्याची शेपटी उचलली आणि तिथेच गवतात बसून मोठमोठ्याने हसली. शिंगी होती, मादी. पोटाखाली हात घालून पाहिलं तर तो दुधाचा ठिपकासुद्धा होता. बापाचं नाव कोणी सांगितलं नाही तरी शिंगी स्वतःच ते अंगावर घालून आली होती. एफीने तिचं नाव ठेवलं मेग.

डिसेंबरात जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं. शिंगरासकट घोड्यांच्या रिंगणात एफी टिबीला आणि मेगला घेऊन उभी राहिली. पोलॉकबाई म्हणाल्या होत्या, "कशाला जातेस? हसं होईल." एफी म्हणाली होती, "होऊ दे. ती दिसली पाहिजे." कारभारी एकेका घोडीपाशी थांबून शिंगराचा बाप विचारत होता आणि मालक मोठ्याने सांगत होते, कारण ते सांगायलाच तर ते आले होते.

"बाप?" कारभाऱ्याने एफीला विचारलं.

"ते नाव सांगायची मला मनाई आहे."

कठड्यापाशी हशा उसळला. "मेंढा असेल," कोणीतरी म्हणालं. कारभारी पेन्सिल कानाला लावून अवघडून उभा राहिला. "मग मिस डॅलग्लिश, तुम्हाला रिंगणात—"

"ड्यूक."

गिलेस्पी कठड्याच्या दोरीखालून वाकून आत येत होता. त्याने हॅट काढून हातात धरली होती. "शिंगीचा बाप ड्यूक. माझा घोडा."

"कधीचं?"

"गेल्या वर्षी," गिलेस्पी म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शब्बाथच्या दिवशी. उपासना चालू असताना."

आता कोणी हसलं नाही. कारभाऱ्याने मान खाली घातली आणि पुढच्या घोडीकडे सरकला. टिबीला तिसरा नंबर मिळाला. पंचांना पायांवर आणखी पांढरं हवं होतं. एफीने त्या फितीकडे फारसं पाहिलंही नाही.

रिंगणाबाहेर गिलेस्पी तिची वाट बघत होता. मेग त्याच्या कोटाची बाही चघळायला लागली. त्याने ती सोडवली नाही.

"थोरल्या मेगलाही हीच खोड," तो म्हणाला. "बोटीवर माझी एक बाही पार खाऊन टाकली होती तिने."

"तुम्ही आज नाव का सांगितलंत?"

त्याने हॅट डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "त्या दिवशी पाळकांनी चारच कडवी सांगितली होती."

"मग?" एफीने विचारलं.

"दुसऱ्या कडव्यात फळी मोडली," गिलेस्पी म्हणाला. "चौथ्यानंतर मी थांबलो असतो तर डेव्ही धावत जाऊन पोचला असता. मला नीट ऐकू येत होतं, अजून काही झालेलं नव्हतं. मी पाचवं कडवं घेतलं. मग सहावं. मग थेट शेवटपर्यंत गेलो. निस्बेटने पुस्तक मिटलं, ते मी पाहिलं."

एफी त्याच्याकडे बघत राहिली.

"मेगचा वंश बुडावा असं मलाही वाटत नव्हतं. तुला वाटतं तू एकटीच होतीस? पण तू विचारलंस तेव्हा तोंडाने 'हो' म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि नंतर सगळं तुझ्या माथी मारून मोकळा झालो. वर्षभर मेजापाशी बसलो मी, एफी. तू मागे बसलीस. भाकर घशाखाली उतरत नव्हती, तरी बसलो."

एफीला राग यायला हवा होता, आणि आलाही. "हे रिंगणाबाहेर सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "तिथे सांगा, जिथे मला उभं केलंत."

"काल सांगून आलो. निस्बेट म्हणाला, मला शंका होतीच." त्याने खिशातून शिशाचा बिल्ला काढून तिच्या तळव्यावर ठेवला. "पुढच्या शब्बाथला प्रभुभोजन आहे. हा तुझा."

"आणि तुमचा?"

"माझा पेटीत परत टाकला. यंदा मागच्या बाकावर मी."

पुढच्या शब्बाथला एफी तट्टाच्या गाडीतून देवळात आली. टिबी आणि मेग घरीच होत्या. नव्या फळ्यांचं कुंपण उन्हात पिवळं दिसत होतं आणि त्याच्यामागे ड्यूकचं कुरण रिकामं होतं. बिल्ला हातात घट्ट धरून ती मेजापाशी गेली, भाकर घेतली, पेला शेजारणीकडे दिला. वळून पाहिलं तर गिलेस्पी सगळ्यात मागे, एकटा, ताठ बसला होता. सूर लावायला मात्र दुसरं कोणी नव्हतं, म्हणून स्तोत्राच्या वेळी पाळकांनी त्याला तिथूनच खूण केली. पाळकांनी कडवी सांगितली, पुन्हा एकदा सांगितली, आणि सबंध देऊळ कान देऊन बसलं. गिलेस्पीने मागच्या बाकावरून सूर लावला आणि सांगितली होती तेवढीच कडवी गाऊन तो थांबला.